लिहायची सवय : ठाणे सुटल्यापासून दादर येईपर्यंत

लिखाणाबद्दल विचारायला येणारे बहुतेक जण एकाच जागी अडकलेले असतात. वही घेतलेली असते, चांगली जाड पुठ्ठ्याची. पहिली चार पानं सुवाच्य अक्षरात भरलेली. पाचव्या पानावर तारीख आणि खाली काहीच नाही. मग प्रश्न येतो, ‘वेळच मिळत नाही हो, तुम्ही कसं जमवता?’

वेळेची अडचण खरीच आहे, पण ती नंतरची. आधी घोळ होतो तो क्रमाचा. लोक आधी कथा लिहायला बसतात आणि मग तिच्यासाठी विषय शोधतात. एक वाक्य लिहितात, दोन खोडतात. अर्धी झाली की व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतात, दहा-बारा अंगठे येतात आणि कथा तिथेच संपते. खालचा क्रम मी डोंबिवली ते सीएसएमटी या रोजच्या येण्याजाण्यात, नोकरी सांभाळून बसवला आहे. तुमची लाइन वेगळी असेल, तुम्ही घरून काम करत असाल. वेळा बदला, क्रम तेवढा बदलू नका.

## तयारी

दोन वह्या लागतात. एक खिशात किंवा पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात मावणारी, दुसरी साधी शंभर पानी, शाळेची. दोन्ही स्वस्तातल्या घ्या. महागड्या वहीत माणूस वाईट वाक्य लिहायला घाबरतो, आणि सुरुवातीचे सहा महिने बहुतेक वाईटच वाक्यं लिहायची आहेत. पेन बॉलपेन. शाईचं पेन जुलैमध्ये दादरच्या पुलावरच दगा देतं. वही दुधाच्या धुतलेल्या पिशवीत ठेवा.

फोनवर लिहिलंत तरी चालेल. गर्दीत उभं राहून एका अंगठ्याने टाइप करणं वहीपेक्षा सोपंच आहे. फक्त नोंदींसाठी एकच जागा ठरवा. काही वहीत, काही फोनमध्ये, काही स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजमध्ये असं झालं की महिन्याभराने काहीच सापडत नाही.

लॅपटॉप, वेगळं टेबल, लेखनवर्ग, ‘कादंबरी लिहितेय’ अशी घरात घोषणा, यातलं काही आत्ता नको. घरच्यांना फक्त वेळ सांगा, विषय सांगू नका.

सावध : वही लोकलमध्ये राहू शकते. माझी एकदा राहिली, साठ-सत्तर पानं भरलेली. तेव्हापासून दर शुक्रवारी आठवड्याच्या पानांचे फोटो काढून ठेवते.

## टप्पा १ : पंधरा दिवस फक्त माल भरा

या पंधरा दिवसांत कथा, कविता, लेख काहीही लिहायचं नाही. छोट्या वहीत रोज तीन नोंदी करायच्या. एक कानावर पडलेलं वाक्य, जसंच्या तसं. एक हातांची हालचाल, म्हणजे कोणी काय उचललं, मोडलं, लपवलं. आणि एक आकडा किंवा वास: भाव, वेळ, भिजलेल्या रेनकोटचा वास, काहीही.

इथे जवळजवळ सगळेच चुकतात, म्हणून दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवते. एका मैत्रिणीची पहिल्या दिवसाची नोंद अशी होती : ‘आज ट्रेनमध्ये गजरे विकणारी बाई पाहिली. किती कष्ट! मन भरून आलं.’ त्याच बाईबद्दलची माझी नोंद : ‘मुलुंड. गजरेवाली. पाच सुटे नाहीत. पाच रुपयांएवढा गजरा तोडून दिला. आधी जास्त तुटला, परत काढून घेतला.’

पहिल्या नोंदीत बाई नाहीच, मैत्रीण आहे. तीन महिन्यांनी ती नोंद वाचून हाती काहीच लागणार नाही, कारण मन पुन्हा भरून येईलच असं नाही. दुसरीत हात आहेत, हिशेब आहे, आणि एक प्रश्न आहे: परत का काढून घेतला? कथा त्या प्रश्नातून निघते. भावना लिहू नका असं मी म्हणत नाही. ती नंतर आपोआप येते, पण पाटी, दोरा आणि सुटे पैसे विसरले की परत येत नाहीत.

फोटो काढू नका. फोटो काढला की ‘झालं टिपून’ असं वाटतं आणि बघणं थांबतं. बायकांच्या डब्यात मटार सोलणाऱ्या हातांचा फोटो शंभर जणांकडे असेल. पण सोललेले दाणे पिशवीत आणि सालं शेजारणीच्या डब्यात, ती तिच्या गावाकडच्या शेळीला पाठवणार म्हणून, हे ज्याने ऐकलं त्याच्याकडेच आहे.

तपासणी : पंधरा दिवसांनी नोंदी मोजा. पंचेचाळीस नसतील, तीस तरी हव्यात. वाचून ज्यांच्यापुढे ‘का?’ असा प्रश्न उभा राहतो त्यांच्यावर खूण करा. सगळ्या नोंदी ‘मी’ने सुरू होत असतील तर आणखी आठवडाभर हाच टप्पा.

## टप्पा २ : वेळ शोधू नका, खुंटी शोधा

मुंबईत मोकळा वेळ कोणालाच सापडत नाही. रोज ठरल्या वेळी आपोआप घडणारी एक गोष्ट मात्र प्रत्येकाकडे असते. तिला खुंटी म्हणा आणि लिखाण त्या खुंटीला टांगा.

माझी खुंटी ठाणे. सकाळची डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी, त्यामुळे बसायला मिळतं. ठाणे सुटलं की वही बाहेर, दादर आलं की बंद. जलद गाडीला साधारण अर्धा तास. दादरनंतर लिहीत नाही, सुचत असलं तरी. उतरणाऱ्यांचे धक्के हे एक कारण. दुसरं असं की सुचत असताना थांबलं की दुसऱ्या दिवशी ठाण्याची वाट बघितली जाते.

ओळखीतल्या एका काकूंची खुंटी पहाटेचं पाणी. चाळीत पाणी यायची वेळ ठरलेली. पिंप भरेपर्यंत कोणी हाक मारत नाही, कारण सगळेच आपापल्या नळाशी. नळाखालच्या आवाजावरून पिंप किती भरलं ते त्यांना कळतं, त्यामुळे घड्याळही लागत नाही. एका गृहस्थांची खुंटी मुलीचा भरतनाट्यमचा क्लास. बाहेरच्या जिन्यात इतर पालक रील्स बघतात, हे लिहितात.

घरी दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं असतील तर एकांताची वाट बघण्यात अर्थ नाही. वरळीच्या अभ्यास गल्लीत आजूबाजूच्या चाळींतली मुलं रस्त्यावरच्या दिव्याखाली बसून परीक्षांचा अभ्यास करत आली आहेत. एकटेपणा तिथेही नाही, पण ‘इथे बसलं की हेच करायचं’ एवढं ठरलेलं आहे. आपल्यालाही तेवढंच हवं. दादर पूर्वेचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, फोर्टातली एशियाटिक, काळा घोड्याचं डेव्हिड ससून ही ग्रंथालयं, किंवा तुमच्या वॉर्डातली एखादी अभ्यासिका, यांपैकी सोयीचं असेल तिथे सभासदत्वाची आणि वेळांची चौकशी करा. पण ती जागा वाटेवरची हवी. दोन गाड्या बदलून जावं लागेल अशी जागा खुंटी होत नाही, ती सहल होते.

माप लहान ठेवा. दिवसाला दीडशे शब्द, आठवड्याला पाच दिवस. हे शंभर पानी वहीचं साधारण एक पान. शनिवार-रविवार सोडून द्या.

सावध : रात्री सगळं आवरल्यावर लिहीन, ही खुंटी नाही. ‘सगळं आवरल्यावर’ ही वेळ मुंबईत येत नाही.

तपासणी : दोन आठवड्यांत दहापैकी सात दिवस तरी पान भरलं का? नसेल तर खुंटी बदला. स्वतःला आळशी ठरवू नका, ते चुकीचं निदान आहे.

## टप्पा ३ : कच्चा खर्डा, खोडाखोड बंद

खूण केलेली एक नोंद घ्या आणि मोठ्या वहीत लिहायला लागा. नियम एकच : आज लिहिलेलं आज खोडायचं नाही. शब्द आठवत नसेल तर तिथे चौकोन काढा आणि पुढे जा. गोष्टीतल्या माणसाला वांद्र्याहून कुर्ल्याला कोणती बस नेईल ते ठाऊक नसेल तर चौकोन. बसचा नंबर बघायला फोन उघडला की तुम्ही बावीस मिनिटांनी कोणाच्या तरी लग्नाच्या फोटोत सापडता.

माझा स्वतःचा अनुभव असा, की लिहिणारी मी आणि तपासणारी मी एकाच बाकावर बसू शकत नाही. तपासणारीचा आवाज मोठा असतो. ती आली की लिहिणारी उठून दाराशी जाते. म्हणून तपासणारीला तीन आठवड्यांनंतरची तारीख द्यायची.

थांबताना उद्याच्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात चार शब्द लिहून ठेवा: ‘आता आई चावी मागते.’ दुसऱ्या दिवशी ठाण्याला कोऱ्या पानाकडे बघत बसावं लागत नाही.

खाडा पडला तर? पडणारच. पाऊस, पाहुणे, मुलाचा ताप, गाडी कळव्याजवळ तासभर उभी. बुडालेले शब्द दुसऱ्या दिवशी भरून काढायला जाऊ नका. भिशीचा हप्ता चुकला तर दंड भरावा लागतो, इथे दंड नाही. तीन दिवस बुडाले तर चौथ्या दिवशी दीडशेच शब्द, सहाशे नाहीत. सहाशेची भीती वाटून पाचवा दिवसही बुडतो, आणि बहुतेक वह्या तिथेच बंद पडतात.

सावध : लिहीत असलेली गोष्ट कोणाला सांगू नका. मी एकदा आमच्या गाडीच्या ग्रुपला एका घरमालकिणीची गोष्ट सलग सहा दिवस सांगितली. रोज घाटकोपरपर्यंत हसून हसून पुरेवाट. सातव्या दिवशी लिहायला बसले तर एक ओळ पुढे सरकेना. सांगून झाली होती ती. आजतागायत लिहिलेली नाही.

## टप्पा ४ : अडलं तर आधी कशाने अडलं ते बघा

‘सुचत नाही’ या एका नावाखाली तीन वेगळी दुखणी असतात. त्यांचे उपाय एकमेकांना लागू पडत नाहीत, म्हणून आधी ओळख पटवा.

पहिलं दुखणं : माल संपला. खूण अशी की वाक्यं गुळगुळीत व्हायला लागतात, ‘धावपळीचं जीवन’, ‘डोळ्यांत वेगळीच चमक’ असले शब्द उतरायला लागतात. उपाय टप्पा १. चार दिवस फक्त नोंदी. शक्य असेल तर ज्या जागेबद्दल लिहिताय तिथे अर्धा तास उभं राहून या. मासळीबाजाराबद्दल घरात बसून लिहिलं की सगळ्या कोळिणी भांडखोर आणि सगळी मासळी ताजी होते. बाजारात गेलं की दिसतं, एक जण शांतपणे बर्फाखालची कालची सुरमई पुढच्या गिऱ्हाईकासाठी वर लावतेय.

दुसरं : पात्राला काय हवंय ते तुम्हालाच ठाऊक नाही. खूण : पात्रं नुसता चहा पितात, खिडकीतून बघतात, आठवतात. उपाय : वहीच्या मागच्या पानावर एक ओळ लिहा, ‘आज संध्याकाळपर्यंत हिला ___ मिळायला हवं.’ रिकामी जागा वस्तूने भरा. ‘प्रेम’, ‘आदर’ चालणार नाही. घराची चावी, गॅसची पावती, नवऱ्याची सही, दोन हजार रुपये. मग ती वस्तू ज्याच्याकडे आहे त्याला खोलीत आणा.

तिसरं सगळ्यात अवघड, आणि त्याबद्दल कोणी उघड बोलत नाही: घरचे वाचतील ही भीती. नणंद ओळखेल, साहेब ओळखतील. खूण अशी की जिथे खरी गोष्ट सुरू होते नेमकं तिथेच तुम्हाला झोप येते किंवा स्वयंपाक आठवतो. उपाय दोन भागांत. कच्च्या खर्ड्यात सगळं लिहा, आणि वही कुठे ठेवायची ते ठरवा. ऑफिसचा ड्रॉवर उत्तम. काय ठेवायचं आणि काय बदलायचं याचा निर्णय दुरुस्तीच्या वेळी घ्या. बदलताना नुसतं नाव बदलून भागत नाही. व्यवसाय, वस्ती आणि भावंडांची संख्या बदला. बँकेतली गोरेगावची नणंद शिवणक्लास चालवणारी भाईंदरची मावसबहीण झाली की ती ओळखू येत नाही. आणि गंमत म्हणजे ती स्वतःचं काहीतरी बोलायलाही लागते.

## टप्पा ५ : मुरवत ठेवा

खर्डा संपला की वही बंद. तीन आठवडे बघायची नाही. लोणच्याची बरणी रोज उघडून चाखली तर काय होतं ते ठाऊक आहेच. या काळात खुंटी सोडू नका. तेवढ्याच वेळात दुसरी खूण केलेली नोंद घ्या, किंवा आवडत्या लेखकाचा एक परिच्छेद हाताने उतरवून काढा. तो नुसता वाचताना जे सुटतं, विशेषतः वाक्य कुठे तोडलंय, ते उतरवताना बोटांना कळतं.

## टप्पा ६ : दुरुस्ती, वरून खाली

बहुतेक जण दुरुस्ती म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ समजून तिथूनच सुरुवात करतात. जो परिच्छेद काढूनच टाकायचा आहे त्याच्या वेलांट्या कशाला सुधारायच्या? क्रम असा: आधी अख्खी गोष्ट, मग परिच्छेद, मग वाक्य, शेवटी शुद्धलेखन. चार वेगळ्या बैठका. मी त्या रविवारी घेते. मेगाब्लॉक असतोच, कुठे जायचं नसतं.

पहिल्या बैठकीत पेन हातात घेऊ नका. सलग वाचा आणि गोष्ट खरी कुठे सुरू होते ते शोधा. नवशिक्या खर्ड्यात ती बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानावर असते. आधीची पानं म्हणजे लेखकाने घसा खाकरणं. ती काढा.

दुसऱ्या बैठकीत प्रत्येक परिच्छेदापुढे दोन-तीन शब्दांत लिहा, हा इथे काय करतो. काहीच लिहिता आलं नाही तर तो जातो.

तिसऱ्या बैठकीत मोठ्याने वाचा. घरात लाज वाटत असेल तर मिक्सर लावून वाचा. श्वास अपुरा पडतो तिथे वाक्य तोडा. गजरेवालीचं माझ्या खर्ड्यातलं पहिलं रूप हे :

‘ती गजरेवाली गरीब पण अतिशय स्वाभिमानी होती. तिने माझ्याकडून फुकटचे पैसे घ्यायला ठाम नकार दिला आणि मला खूप काही शिकवून गेली.’

नोंद इतकी नेमकी असूनही खर्डा असा घसरला, बघा. दुरुस्तीनंतर :

‘वीसची नोट दिली. गजरा पंधराचा. “राहू दे,” म्हटलं. तिने दुसरा गजरा उचलला, वितीने मापला, दाताने दोरा तोडला. तुकडा मोठा झाला. दोन कळ्या काढून परत पाटीत टाकल्या आणि उरलेला माझ्या हातावर ठेवला. “पाचाचा,” म्हणाली.’

‘स्वाभिमानी’ हा शब्द गेला, कारण दोन कळ्यांनी ते काम केलं. विशेषण दिसलं की थांबा आणि नोंदवहीत त्याच्या जागी एखादी हालचाल सापडते का ते बघा. नोंदवहीचा खरा उपयोग या दिवशी होतो.

चौथी बैठक शुद्धलेखनाची. मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम एकदा बसून वाचा, तासाभराचं काम आहे. पुष्कळशा चुका दोनच ठिकाणी होतात. एक, शेवटचं अक्षर: पाटी, पेरू यांत दीर्घ, ‘आणि’ व ‘नि’ मात्र ऱ्हस्व. दोन, फूल-फुलाला, मूल-मुलाला, वीट-विटेला : मूळ शब्दात दीर्घ असलेलं उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरं, अक्षर विभक्ती लागली की ऱ्हस्व होतं (संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द सोडून). फोनवर टाइप करणाऱ्यांनी ‘दुसऱ्या’चा ‘दुसर्या’ झालाय का तेवढं शोधावं.

तपासणी : दुरुस्तीनंतर मजकूर कमी झाला का? वाढला असेल तर तुम्ही दुरुस्ती केली नाही, पुढे लिहीत गेलात.

## टप्पा ७ : एकाच माणसाला दाखवा

ग्रुपला नाही. एक माणूस, भरपूर वाचणारा, शक्यतो नात्यातला नसलेला. ‘कशी वाटली?’ असं विचारू नका, त्याला ‘छान’ हेच उत्तर असतं. तीन गोष्टी विचारा: कुठे कंटाळलात? कुठे मागचं पान उलटून बघावं लागलं? काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. तिसऱ्या उत्तरात तुमच्या मनातली गोष्ट नसेल तर वाद घालू नका. कागदावर ती नाही, एवढाच त्याचा अर्थ.

## टप्पा ८ : पाठवणी

दिवाळी अंकाला पाठवायचं असेल तर उलटं मोजा. अडीच हजार शब्दांची कथा, आठवड्याला साडेसातशे, म्हणजे खर्ड्याला साडेतीन आठवडे. मुरवायला तीन, दुरुस्तीला चार रविवार, वाचकाला दोन आठवडे. झाले साधारण तीन महिने. दिवाळी ऑक्टोबर-नोव्हेंबरची असली तरी अंकांचं काम पावसाळ्यातच सुरू होतं, आणि बरेच अंक जून-जुलैपर्यंत साहित्य मागवतात. म्हणजे गुढीपाडव्याच्या सुमारास पहिलं पान. गणपतीत सुचलेली कथा त्या वर्षीच्या दिवाळीसाठी नसते. ती पुढच्या दिवाळीची.

पाठवण्याआधी त्या अंकाचे मागचे दोन अंक चाळा. ग्रंथालयात मिळतात. विनोदी अंकाला गूढकथा पाठवून वाट बघत बसणारे मी पाहिलेत. शब्दमर्यादा पाळा. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा मराठी अक्षरांत, वर्ड फाइलमध्ये. हाताने लिहिलेल्या पानांचे तिरके फोटो नको. मी पहिल्या वर्षी जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून पाठवलं होतं, तिकडे उघडलं तेव्हा अख्ख्या कथेच्या जागी चिन्हांची रांगोळी. त्यांनी परत मागितली नाही, आणि मला कळलं थेट दिवाळीनंतर.

एकच कथा एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा. दोन अंकांत छापून आली तर दोन्ही संपादक लक्षात ठेवतात. नोंदवहीच्या शेवटच्या पानावर तक्ता आखा: कथेचं नाव, कुठे पाठवली, तारीख, उत्तर. नकार कळवतातच असं नाही. अंक बाजारात आला आणि त्यात तुमचं नाव नाही, की चौथ्या रकान्यात ‘नाही’ लिहा, एकदा पुन्हा मोठ्याने वाचा आणि खालच्या ओळीत पुढच्या ठिकाणाचं नाव घाला.